रविवारच्या रात्रपाळीचा हिशेब



सातशे-आठशे खाटांचे, भर शहरातले वृद्धांचे शुश्रूषागृह चांगले चालले आहे की वाईट, हे बाहेरच्या माणसाने कशावरून ठरवायचे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की वीस-पंचवीस खाटांचे डॉक्टरांचे खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे येते. मी बोलणार आहे ते अमेरिकेतल्या नर्सिंग होमविषयी. पक्षाघात, मोडलेले खुब्याचे हाड, स्मृतिभ्रंश किंवा निव्वळ वार्धक्य यांमुळे ज्यांचे घरी भागत नाही, अशांना काही आठवडे किंवा अखेरपर्यंत सांभाळणाऱ्या या संस्था. अमेरिका निवडली ती तिच्या कौतुकापोटी नाही. तिथे अशी सुमारे पंधरा हजार गृहे आहेत, त्यांत बारा लाखांच्या आसपास माणसे राहतात आणि त्यांच्या मोजमापाचा उद्योग तिथले सरकार कित्येक दशके चिकाटीने करत आले आहे. इतके मोजूनही मोजमाप कुठे फसते, हे पाहायला याहून सोयीचे उदाहरण मला दिसत नाही. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. संस्थेने स्वतःविषयी भरून दिलेल्या तक्त्यांवरून तिची पारख होत नाही. ज्या नोंदी तिच्या हातात नाहीत, किंवा खोट्या लिहायला अवघड आहेत, त्यांवरूनच ती करावी लागते. आणि अशा नोंदींतली सर्वांत बोलकी म्हणजे कोण, कोणत्या पाळीला, किती तास हजर होते याची.

थोडा इतिहास. १९६५ साली मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) आणि मेडिकेड (गरिबांसाठीचा) या दोन योजना आल्या आणि शुश्रूषागृहांकडे सरकारी पैशाचा ओघ सुरू झाला. पैसा आधी आला, देखरेख मागाहून, आणि मधल्या काळात व्हायचे ते झाले. १९८६ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने या गृहांच्या दुरवस्थेवर अहवाल दिला आणि १९८७ साली सुधारणेचा कायदा झाला. रहिवाशाला खाटेला बांधून ठेवायचे नाही, गुंगीच्या औषधाने गप्प करायचे नाही, त्याच्या प्रकृतीची ठरावीक नमुन्यात वेळोवेळी नोंद करायची, आणि न कळवता येणाऱ्या तपासनिसांना दार उघडून द्यायचे, अशी त्याची मुख्य कलमे. १९९८पासून ही माहिती लोकांसाठी संकेतस्थळावर आली. २००८च्या डिसेंबरात सरकारने तिचे सार एक ते पाच ताऱ्यांत सांगायला सुरुवात केली. हॉटेलांना तारे देतात तसे हे तारे, आणि लोक ते तसेच वाचतात.

ते कसे बनतात, हे मात्र फार थोडे जण पाहतात. पाया असतो तपासणीच्या गुणांचा. राज्यातली वरची दहा टक्के गृहे पाच ताऱ्यांची, खालची वीस टक्के एका ताऱ्याची, उरलेली मधल्या तीन श्रेणींत सारखी वाटलेली. म्हणजे उद्या एखाद्या राज्यातली सगळीच गृहे बिघडली, तरी त्यांतली दहा टक्के पाच ताऱ्यांची राहणारच. या पायावर कर्मचारीसंख्येचे आणि गुणवत्तेच्या निर्देशांकांचे तारे अधिक-उणे होतात. तपासणीत मध्यम ठरलेले गृह या दोन खात्यांत वर गेले, तर एकूण पाच ताऱ्यांपर्यंत पोचू शकते. आता हे निर्देशांक कुठून येतात? किती जण पडले, किती जणांना बेडसोअर झाले, किती जणांना मनोविकारावरची औषधे दिली, याचे बरेचसे आकडे गृहच भरून देते. परीक्षार्थ्याने स्वतःचा पेपर तपासावा, त्यातलाच हा प्रकार. शिकागो विद्यापीठातल्या प्राची संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधी पण बिनतोड तपासणी केली. पडून गंभीर इजा झालेली माणसे रुग्णालयात दाखल होतात आणि रुग्णालय त्याचे बिल मेडिकेअरला पाठवते. ही बिले त्यांनी गृहांच्या नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा अशा पडझडींपैकी जेमतेम ५८ टक्केच गृहांनी कळवलेल्या आढळल्या. औषधांचे प्रकरण याहून लाजिरवाणे आहे. मनोविकारावरची औषधे किती जणांना देता, याची मोजणी २०१२नंतर कडक झाली. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण मात्र त्या मोजणीतून वगळलेले होते, कारण त्यांना त्या औषधांची खरीच गरज असते. पुढच्या काही वर्षांत शुश्रूषागृहांतले स्किझोफ्रेनियाचे निदान ७० टक्क्यांनी वाढले. २०२१मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे मांडले तेव्हा दर नऊ रहिवाशांमागे एकाच्या कागदावर हे निदान होते. हा आजार बहुधा तरुणपणी जडतो, पंचाऐंशीव्या वर्षी साथीसारखा पसरत नाही. सरकारने या निदानांची पडताळणी सुरू केली ती २०२३ उजाडल्यावर.

तपासनिसांवर तरी भिस्त ठेवावी, तर तिथेही अडचण आहे. तपासणी सरासरी वर्षातून एकदा होते, काही दिवस चालते आणि मोठ्या गृहात काही रहिवाशांचाच नमुना घेऊन उरकावी लागते. अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने २००८ साली राज्यांच्या तपासणीनंतर झालेल्या केंद्रीय तपासण्यांचे निष्कर्ष ताडून पाहिले. सुमारे १५ टक्के तपासण्यांत राज्याच्या पथकाकडून प्रत्यक्ष इजा किंवा तातडीचा धोका या दर्जाचा किमान एक दोष निसटला होता. मोठ्या शहरी गृहाच्या बाबतीत आणखी दोन विकृती शिरतात आणि त्या एकमेकींच्या उलट दिशेने ओढतात. पहिली अशी की घटना मोजल्या जातात संस्थेच्या नावावर. साठ खाटांच्या गृहात वर्षाला एक गंभीर चूक आणि सातशे खाटांच्या गृहात पाच गंभीर चुका, यांत माणशी धोका दुसरीकडे कमी असूनही बदनामी दुसऱ्याचीच होते. दुसरी अशी की सरासरी काढली जाते संपूर्ण इमारतीची. बारा-तेरा विभागांच्या संस्थेत स्मृतिभ्रंशाचा एक विभाग पार कोलमडलेला असला आणि नातेवाइकांना फिरवून दाखवायचा पुनर्वसनाचा मजला लखलखीत असला, तर सरासरी ठीकठाकच येते. मोठे गृह एकाच वेळी असते त्याहून वाईट दिसते आणि असते त्याहून बरेही दिसते. एका आकड्यात ते मावत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोचे लगुना होंडा रुग्णालय व पुनर्वसन केंद्र घ्या. १८६६ साली शहराने बांधलेला हा गरिबांचा आश्रम. सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियात आलेल्या आणि म्हातारपणी कोणी न उरलेल्यांची सोय तिथे होत असे. २०२२ साली तिथे शुश्रूषेच्या ७६९ खाटा होत्या. शहराच्या मालकीची एवढी मोठी संस्था त्या देशात विरळाच. १९९९ साली मतदारांनी जवळजवळ ३० कोटी डॉलरांच्या कर्जरोख्यांना कौल दिला आणि २०१० साली नवी इमारत उघडली. रहिवाशांत बहुतेक मेडिकेडवरचे, म्हणजे निष्कांचन. वार्धक्यासोबत व्यसन, मनोविकार, बेघरपणा घेऊन आलेलेही बरेच, ज्यांना खासगी गृहे दारातूनच परत पाठवतात. संस्था निष्कलंक होती असे कोणी म्हणणार नाही. काही कर्मचाऱ्यांनी रहिवाशांचा छळ केल्याचे २०१९ साली उघड झाले आणि मुख्याधिकाऱ्याला जावे लागले. पण पुढच्याच वर्षी करोना आला, तेव्हा एवढ्या गर्दीच्या संस्थेत प्रलय होईल ही सगळ्यांची अटकळ खोटी ठरली. पहिल्या लाटेत तिथले मृत्यू अगदी थोडे होते. त्याच वेळी वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंडच्या, याहून कितीतरी लहान आणि पाच ताऱ्यांच्या गृहाशी निगडित मृत्यूंचा आकडा तीसच्या पुढे गेला. यात दैवाचा, विषाणू आधी कुठे पोचला याचा भाग मोठा होता, हे मान्यच करायला हवे. गृहात साथ शिरली की नाही, याचा संबंध गृहाच्या आकाराशी, शहरी वस्तीशी आणि रहिवाशांत कृष्णवर्णीय किती याच्याशी लागला, ताऱ्यांशी लागला नाही, असेच सुरुवातीच्या अभ्यासांत दिसले.

पण लगुना होंडाची खरी गोष्ट पुढची आहे. २०२१च्या जुलैत तिथल्या दोन रहिवाशांनी अमली पदार्थांचा अतिरेक केला. दोघेही वाचले. संस्थेने ही घटना नियमाप्रमाणे आपणहून राज्य सरकारला कळवली. त्यावरून तपासण्यांची मालिका सुरू झाली, बंदी असलेल्या वस्तू सापडत गेल्या, आणि १४ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारने संस्थेची मान्यता काढून घेतली. सुमारे सातशे माणसांना दुसरीकडे हलवून घर बंद करायचे, असा त्याचा अर्थ. ती माणसे हलवायची कुठे? जी गृहे त्यांना आधीपासूनच घेत नव्हती तिथे? ५७ जणांना हलवले किंवा घरी सोडले गेले आणि त्यांतले किमान नऊ जण लवकरच दगावले. जुलैअखेर हलवाहलव थांबवावी लागली, शहराने न्यायालयात धाव घेतली, तडजोड झाली. मेडिकेडची मान्यता २०२३च्या ऑगस्टमध्ये परत मिळाली, मेडिकेअरची २०२४च्या जूनमध्ये. सुरक्षिततेच्या नावाने सुरू झालेल्या मूल्यमापनाने रहिवाशांना जी इजा केली, ती त्या दोन अतिरेकांनीही केली नव्हती. तपासणी कडक असू नये असे मी म्हणत नाही. स्वतःहून कळवणाऱ्याला फाशी आणि दडपणाऱ्याला पाच तारे मिळत असतील, तर उद्या कोण कळवील? प्राची संघवींना गृहांच्या नोंदींत न सापडलेल्या त्या ४२ टक्के पडझडींचे उत्तर बहुधा इथे आहे.

म्हणून तासांकडे यायचे. सरकारने करवून घेतलेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००१ सालीच सांगितले होते की दीर्घकाळ राहणाऱ्या माणसाला दिवसाकाठी परिचारिका आणि मदतनीस मिळून सुमारे ४.१ तास मिळाले नाहीत, तर टाळता येणारी दुखणी वाढतात. वर्षानुवर्षे हेही आकडे गृहेच भरून देत. २०१६पासून ते पगारपत्रकावरून देणे सक्तीचे झाले आणि २०१८मध्ये ताऱ्यांसाठी वापरात आले, तेव्हा पूर्वीचा फुगवटा उघडा पडला. पत्रकारांनी केलेल्या त्या माहितीच्या विश्लेषणात शनिवार-रविवारी प्रत्यक्ष शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका ११ टक्क्यांनी आणि मदतनीस ८ टक्क्यांनी कमी दिसले. ही सरासरी. विभागवार आणि पाळीवार पाहिले, तर काय दिसेल? कागदावर हिशेब मांडू. रात्रपाळीला एका मदतनिसाकडे वीस माणसे आहेत आणि त्यांतली आठ स्वतः कुशीवर वळू शकत नाहीत, असे धरा. बेडसोअर टाळायचे, तर त्यांना दर दोन तासांनी वळवायला हवे, म्हणजे आठ तासांत बत्तीस वेळा. ओले कपडे बदलून, उशा नीट लावून वळवायला दहा मिनिटे धरली, तरी सव्वापाच तासांच्या वर गेले. उरलेल्या बारा जणांनी त्या रात्री घंटा वाजवायची नाही, लघवीला उठायचे नाही, घाबरायचे नाही. आणि जड शरीराला वळवायला दोघे लागतात, हे तर मी धरलेलेच नाही. अशा रात्री नोंदवहीत 'दर दोन तासांनी वळवले' असे लिहिलेले असेल, तर ते लिहिणाऱ्या बाईला मी खोटारडी म्हणणार नाही. तिच्याकडून ते लिहवून घेतलेले असते. २०१७-१८च्या माहितीनुसार या क्षेत्रातल्या निम्म्या गृहांत शुश्रूषा कर्मचाऱ्यांची वार्षिक गळती ९४ टक्के किंवा त्याहून जास्त होती. ज्याला बोलता येत नाही त्याचे दुखते कुठे, हे ओळखायला त्याला ओळखणारे माणूस लागते, आणि वर्षभरात जवळपास सगळी माणसे बदलणाऱ्या घरात असे माणूस नसते.

तासही शेवटी आकडाच, तोही नासवता येईल, असा आक्षेप येईल. येऊ द्या, त्यात तथ्य आहे, आणि त्याचा पुरावा याच संस्थांच्या पुनर्वसन विभागात आहे. २०१९पर्यंत मेडिकेअर पुनर्वसनाच्या उपचारांच्या मिनिटांवर पैसे देत असे आणि आठवड्याला ७२० मिनिटांची मर्यादा गाठली की सर्वांत वरचा दर लागू होई. साहजिकच असंख्य रुग्णांची गरज बरोबर ७२० मिनिटांच्या किंचित पुढे येऊन थांबू लागली. ऑक्टोबर २०१९मध्ये पैसे रुग्णाच्या प्रकृतीनुसार मिळू लागले, तशी मिनिटे झपाट्याने घटली, पण रुग्णालयात परत जाण्याचे प्रमाण किंवा हालचालीतली सुधारणा यांत लक्षणीय फरक अभ्यासकांना आढळला नाही. तेव्हा तास मोजताना दोन पथ्ये पाळावी लागतात. ज्या आकड्यावर थेट पैसा मिळतो तो निकष करायचा नाही, आणि तासांना एकटे सोडायचे नाही. रुग्णालयांची बिले, मृत्यूच्या नोंदी, पगार आणि कर यांचे कागद शेजारी ठेवायचे. मिनिटे मोजून उपचाराचा गुण कळत नाही हे खरे, पण माणूसच हजर नसेल, तर उपचार झालेला नाही एवढे निश्चित कळते. कनेक्टिकटमधल्या करोनाकाळाच्या एका अभ्यासात, करोनाने किमान एक मृत्यू झालेल्या गृहांत नोंदणीकृत परिचारिकेची माणशी रोजची वीस मिनिटे जास्त असण्याचा संबंध २६ टक्के कमी मृत्यूंशी आढळला.

याहून वजनदार आक्षेप अभ्यासकांकडूनच आहे. एक तारा जास्त असलेल्या गृहात गेलेल्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात, ते घरी लवकर परततात, असे २०१९ साली एका काटेकोर अभ्यासाने दाखवले. मग ताऱ्यांना नावे कशासाठी? त्या निष्कर्षाविरुद्ध माझी तक्रार नाही. रुग्णालय 'परवा डिस्चार्ज आहे, जागा शोधा' म्हणते, तेव्हा कुटुंबाच्या हातात काहीच नसण्यापेक्षा तारे असणे केव्हाही चांगले, आणि एका ताऱ्याचे गृह टाळावे हा सल्ला रास्तच आहे. पण तो अभ्यास रुग्णालयातून काही आठवड्यांसाठी येणाऱ्यांचा होता. त्यांना घर असते, वाट पाहणारी माणसे असतात, मेडिकेअरचे बरे पैसे त्यांच्यामागे असतात. तोंडात घास भरवावा लागणारी, भेटायला कोणी न येणारी, मेडिकेडवर वर्षानुवर्षे पडून असलेली बाई त्याच इमारतीच्या दुसऱ्या टोकाला असते. गृहाचे मूल्यमापन तिच्या खाटेपासून सुरू करा, एवढेच माझे मागणे आहे. तिच्यापर्यंत हात पोचत असतील, तर पुनर्वसनाच्या मजल्यावर ते पोचतच असतील. याच्या उलट मात्र म्हणता येत नाही.

मालकांचे म्हणणे असे की माणसे मिळत नाहीत आणि पैसे पुरत नाहीत. केंद्र सरकारने २०२४ साली प्रथमच माणशी रोज किमान ३.४८ तासांचा नियम केला. २००१च्या अभ्यासापेक्षा तो कमीच होता. त्यातले मदतनिसांचे २.४५ तास चोवीस तासांवर पसरले, तर सुमारे दहा रहिवाशांमागे एक माणूस येते, फार काही नव्हे. तरीही २०२५ साली टेक्सासच्या न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि संसदेने त्याची अंमलबजावणी २०३४पर्यंत पुढे ढकलली. माणसांचा तुटवडा खरा आहे, विशेषतः खेड्यांत, आणि मेडिकेडचे दर अपुरे आहेत हेही खरे. पण तोट्याचे रडगाणे ताळेबंद पाहून ऐकावे. इलिनॉयमधल्या गृहांच्या हिशेबांचा अभ्यास करणाऱ्या अश्विन गांधी आणि अँड्र्यू ओलेन्स्की या अर्थतज्ज्ञांना असे आढळले की नफ्याचा निम्म्याहून अधिक भाग मालकाच्याच दुसऱ्या कंपन्यांना वाढीव भाडे आणि व्यवस्थापनशुल्क देऊन दडवला जातो. गृह कागदावर तोट्यात, जागेची मालक कंपनी फायद्यात, आणि दोन्हींचा मालक एकच. न्यूयॉर्क राज्याने २०२१ साली उत्पन्नाचा किमान ७० टक्के भाग प्रत्यक्ष शुश्रूषेवर खर्च करण्याचा कायदा केला, तो या वाटा ओळखूनच. मूल्यमापन करणाऱ्याने औषधांची कपाटे जितक्या बारकाईने तपासावीत, तितक्याच बारकाईने भाडेकरारही.

मोठी गृहे मोडूनच टाका, असेही एक मत आहे, आणि ते हलके नाही. १९९९च्या ऑल्मस्टेड निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अपंगांना विनाकारण संस्थेत कोंडणे हा भेदभाव ठरवला. वृद्धरोगतज्ज्ञ बिल थॉमस यांच्या कल्पनेतून २००३ साली मिसिसिपीतल्या टुपेलो गावात दहा-बारा माणसांची 'ग्रीन हाउस' घरे सुरू झाली आणि करोनात ती मोठ्या गृहांपेक्षा सुरक्षित ठरली. ज्याला घरी किंवा छोट्या घरात राहता येईल, त्याला तिथेच ठेवावे. मात्र छोटे घर रहिवासी निवडून घेऊ शकते, शहराचे मोठे गृह नाही. बाकी सगळ्यांनी नाकारलेल्यांना घेणे हेच त्याचे काम असेल, तर निव्वळ निकालांच्या आकड्यांवर त्याची तुलना करणे म्हणजे नाकारणाऱ्यांना बक्षीस देणे होय. संस्थेने कोणाला घेतले आणि कोणाला परत पाठवले, ही नोंदसुद्धा तिच्या गुणपत्रिकेवर हवी. आज ती कुठेच नसते.

महाराष्ट्रापुरते थोडेच सांगतो. २०११च्या जनगणनेत इथे साठीपुढचे लोक लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या आसपास होते आणि प्रमाण वाढतेच आहे. २००७च्या ज्येष्ठांच्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे गृह उभारण्याची तरतूद केली. पुण्या-मुंबईत अंथरुणाला खिळलेल्यांसाठीची खासगी केंद्रे वाढताहेत, आणि त्यांतल्या कितीतरी जागांचा निर्णय न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात बसलेली मुले फोनवर, फोटो पाहून घेतात. लॉबी, बाग, गणपतीची आरती, सगळे फोटोत दिसते. रात्री दोन वाजता तिसऱ्या मजल्यावर किती मावश्या होत्या, त्या संस्थेच्या पगारावरच्या होत्या की ब्युरोने पाठवलेल्या, मागच्या महिन्यातल्याच होत्या की कालच आलेल्या, हे दिसत नाही. तारांकनाची यंत्रणा उभारायला आपल्याला दशके लागतील आणि ती अमेरिकेसारखीच फसेल अशी मला भीती आहे. त्याआधी एक लहान गोष्ट करता येण्याजोगी आहे. अमेरिकेतल्या प्रत्येक गृहाला आज हजर असलेल्या परिचारिका आणि मदतनिसांचे पाळीवार तास, रहिवाशांच्या संख्येसह, सगळ्यांना दिसेल अशा जागी रोज लावावे लागतात, आणि मागितल्यास जुनी पत्रकेही दाखवावी लागतात. आपल्या जिल्हागृहांना अनुदान देताना आणि खासगी केंद्रांची नोंदणी करताना ही अट घालायला नवा कायदा लागू नये. खर्च एका कागदाचा. तो कागद मजल्यागणिक वेगळा लावायचा, आणि त्याची महिन्याची प्रत पगारपत्रकाशी ताडायला लेखापरीक्षकाकडे जायला हवी.